रक्ताची साक्ष आणि सुईची भीति

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरांत एक नवा शब्द शिरला आहे. 'लिक्विड बायॉप्सी' हा तो शब्द. बायॉप्सी म्हणजे रोगट भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं त्याची परीक्षा करणें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. या नव्या प्रकारांत मांसाचा तुकडा काढावयाचा नाहीं. दंडांतील शिरेंतून दोन नळ्या रक्त घ्यावयाचें, आणि शरीरांत कर्करोग आहे कीं नाहीं, असल्यास त्याची जात कोणती, उपचारांनीं तो हटतो आहे कीं पुन्हां डोकें वर काढीत आहे, हें त्या रक्तावरून ओळखावयाचें. वार्षिक आरोग्य-तपासणीचीं जीं पत्रकें हल्लीं घरोघर येतात, त्यांत साखर, चरबी व थायरॉईड यांच्या पंक्तीस ही परीक्षाहि आतां येऊन बसूं लागली आहे. पत्रकाची भाषा अर्थातच उत्साहाची असते. म्हणून ही परीक्षा काय करूं शकते व काय करूं शकत नाहीं, याचा जरा निवांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यास तांतडीचें कारणहि घडलें. पनवेल येथील एका वाचक-भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. घर मोठें, चुलत-मालत धरून चौदा माणसांचें. घरांतील काकूंच्या, म्हणजे या बाईंच्या चुलत सासूबाईंच्या, उजव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ हाताला लागते. दुखत नाहीं, म्हणून काकूंनीं चार महिने कोणास सांगितलें नाहीं. डॉक्टरांनीं सुईनें तुकडा काढून तपासावयास सांगितलें, तेव्हां घरांत दोन तट पडले. मामंजींचें म्हणणें, गांठीस लोखंड लागलें कीं ती चवताळते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. सुई लावूं नये. थोरल्या भाऊजींनीं मोबाईलवर लिक्विड बायॉप्सीविषयीं वाचलें होतें. त्यांचें म्हणणें, रक्तावरून सर्व कळत असतांना सुई हवीच कशाला? दोघांचीं कारणें वेगळीं, पण निकाल एकच लागला. सुईची तारीख पुढें गेली. 'आम्हीं कोणाचें ऐकावें?' असें या बाईंनीं विचारलें आहे.

अशा पत्रास पुढील अंकाची वाट पाहावयास लावणें बरें नव्हे. आम्हीं त्याच दिवशीं उत्तर धाडलें, कीं डॉक्टरांचें ऐकावें, याच आठवड्यांत ऐकावें, आणि रक्ताच्या परीक्षेसाठीं एक दिवसहि दवडूं नये. उत्तर चार ओळींचें होतें. त्याचीं कारणें मात्र चार ओळींत मावत नाहींत.

आपल्या शरीरांतील कोट्यवधि पेशी रोज मरतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. पेशीच्या पोटांत डीएनएची लांबलचक पोथी असते. पेशी मेली म्हणजे ती पोथी फाटते व तिचे कपटे रक्तांत उतरतात. निरोगी माणसाच्या रक्तांतहि असे कपटे असतातच. त्यांची लांबी बहुधा १६६ अक्षरांच्या आसपास भरते. कारण डीएनए हा प्रथिनांच्या लहान लहान रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि पोथी फाटते ती दोन रिळांच्या मधल्या जागेंत. हा कचरा शरीर फार झपाट्यानें झाडून काढतें. पाव तासापासून दोन-अडीच तासांच्या आंत निम्मे कपटे नाहींसे होतात. म्हणजे रक्तांत आज सांपडलेला कपटा आजचाच समाचार सांगतो, गेल्या महिन्याचा नव्हे. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण या परीक्षेचें निम्मे सामर्थ्य तींतच आहे.

कर्करोगाच्या पेशीहि मरतात व त्यांचेहि कपटे रक्तांत येतात. त्यांच्या पोथींत कांहीं ठराविक मुद्रणदोष झालेले असतात. त्या दोषांमुळेंच तर ती पेशी बेबंद वाढूं लागते. रक्तांतील हजारों कपट्यांतून असा दोषयुक्त कपटा हुडकून काढणें, हें या परीक्षेचें मुख्य अंग. रोग लहान असला म्हणजे हजारांत एखादाच कपटा त्याचा असतो, कधीं तितकाहि नसतो. दुसरें अंग म्हणजे गांठीपासून सुटून रक्तांत भटकणाऱ्या अख्ख्या पेशी पकडणें. अशा पेशी प्रथम पाहिल्या त्या मेलबोर्न येथील थॉमस ॲश्वर्थ या डॉक्टरानें, १८६९ सालीं, एका मृत रुग्णाच्या रक्तांत. रक्तद्रवांत मोकळा डीएनए असतो हें फ्रान्समधील स्ट्रासबूर येथें मांडेल व मेताय या दोघांनीं १९४८ सालीं दाखविलें. कर्करोग्यांच्या रक्तांत तो अधिक असतो हें १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. इतकें जुनें ज्ञान इतकीं वर्षें पडून राहिलें, कारण हजारांतला एक कपटा वाचण्याचीं यंत्रें नव्हतीं. तीं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलीं.

पनवेलकरांस आपल्या गाढी नदीचा दृष्टांत सहज पटेल. माथेरानच्या डोंगरांत उगम पावून ती खाडीस मिळते. पुलावर उभें राहून पाण्यांत एखादें विशिष्ट पान वाहत येतांना दिसलें, तर वर कोठेंतरी तें झाड आहे असें निश्चयानें म्हणतां येतें. परंतु दोन ओंजळी पाणी काढून त्यांत पान मिळालें नाहीं, एवढ्यावरून वर तें झाडच नाहीं असें कोणी म्हणूं लागला तर त्यास शहाणा कोण म्हणेल? झाड लहान असेल, काठापासून दूर असेल, किंवा त्या दिवशीं पान गळलेंच नसेल. रक्ताच्या साक्षीचेंहि तसेंच आहे. तिच्या 'आहे' या उत्तरास वजन आहे, आणि त्यासहि अपवाद आहेत ते पुढें सांगूं. तिच्या 'नाहीं' या उत्तरास मात्र फारच थोडें वजन आहे.

काकूंच्या गोष्टींत तर 'आहे' हें उत्तर आलें असतें तरी भागलें नसतें. स्तनाच्या कर्करोगांत हार्मोनचीं औषधें लागू पडतील कीं नाहीं, हर्टू या प्रथिनावर चालणारें औषध द्यावें कीं नाहीं, शस्त्रक्रिया आधीं कीं औषधें आधीं, हें सर्व त्या तुकड्याच्या परीक्षेवरून ठरतें. रक्त पुरेसें सांगत नाहीं, आणि रक्ताच्या भरंवशावर कोणताहि जबाबदार शस्त्रवैद्य स्तन कापावयास धजणार नाहीं. शिवाय अशा बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतातहि. सुईनें तें दोन-चार दिवसांत कळून घराचा घोर उतरतो. उरली सुईनें रोग पसरण्याची भीति. सुईच्या मार्गांत पेशी रुजल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत, पण तीं विरळ आहेत, आणि स्तनाच्या गांठींत शस्त्रवैद्य तो मार्ग ध्यानांत ठेवूनच पुढचें काम करतात. वृषणासारख्या ज्या कांहीं अवयवांत सुई खरोखरीच टाळावयास हवी, तेथें डॉक्टर ती आपण होऊनच टाळतात. 'लोखंड लागलें आणि महिन्यांत माणूस गेलें' ही जी गोष्ट प्रत्येक घरांत सांगतात, तिच्यांतील माणूस लोखंड लागण्यापूर्वीं किती महिने घरीं बसून होतें, तें मात्र कोणी सांगत नाहीं.

या परीक्षेचें खरें माहेर कोठें आहे, हें पाहावयास पनवेलकरांस लांब जावयास नको. पनवेल व औषधविद्या यांचा संबंध जुना आहे. धूतपापेश्वराचा आयुर्वेदीय कारखाना येथें १८७२ सालीं निघाला. त्याच तालुक्यांत, खारघरच्या डोंगराजवळ, टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संशोधन-संस्था साठ एकरांच्या आवारांत उभी आहे. तिचें मूळ परळचें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं सर दोराबजीहि गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली, आणि १९५२ सालीं निघालेल्या कर्करोग-संशोधन केंद्राचेहि ते पहिले संचालक झाले. तंबाखू चघळणें व तोंडाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९५५ सालचा आहे. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या समर्थांच्या कन्या. त्यांचे वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. पेशी शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत वाढविण्याची भारतांतील पहिली प्रयोगशाळा कमलाबाईंनीं या केंद्रांत उभारली. तीच संस्था २००२ मध्यें नवें नांव घेऊन खारघर येथें आली. हार्बरच्या गाडीनें जातां-येतां ज्यांस ती केवळ एक पाटी म्हणून दिसते, त्यांच्यासाठीं एवढा इतिहास सांगितला.

फुप्फुसाच्या कर्करोगांत ईजीएफआर नांवाच्या एका जनुकांत ठराविक दोष असला, तर साध्या केमोथेरपीऐवजीं रोज घ्यावयाची गोळी उत्तम लागू पडते. हा दोष आपल्या लोकांत किती जणांत आढळतो हें ॲक्ट्रेक व टाटा रुग्णालय येथील संशोधकांनीं ९०७ रुग्णांच्या तुकड्यांवरून पाहिलें. शंभरांत तेवीस, हें त्यांचें उत्तर २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. आतां अडचण अशी कीं फुप्फुस म्हणजे कांहीं हातास लागणारी गांठ नव्हे. रुग्ण म्हातारा, दम लागलेला. त्याच्या छातींत एकदां सुई घालणें जिकिरीचें, पुन्हां पुन्हां घालणें अशक्यप्राय. आणि पुन्हां पाहण्याची वेळ तर येतेच. वर्ष-दीड वर्ष गोळी लागू पडते, मग रोग तिला दाद देईनासा होतो. पहिल्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं सुमारें निम्म्या रुग्णांत याचें कारण म्हणजे त्याच जनुकांत झालेला टी-७९० एम नांवाचा दुसरा दोष असतो, आणि त्यावर चालणारी निराळी गोळी आहे. येथें रक्ताची साक्ष अमोल ठरते. कपटे आजचे, म्हणून आजचा दोष दाखवितात. आणि शरीरांत चार ठिकाणीं रोग पसरला असेल तर सुई एकाच ठिकाणचें सांगते, रक्तांत चारीं ठिकाणचे कपटे एकत्र आलेले असतात. अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें अशा रक्तपरीक्षेस पहिली मान्यता दिली ती १९१६ नव्हे, अगदीं परवां, २०१६ सालीं, आणि ती याच जनुकासाठीं. मान्यतेंतच अट होती, कीं रक्तांत दोष न सांपडल्यास तुकड्याची परीक्षा करावी. कारण असणारा दोष दहांपैकीं सुमारें तिघांच्या रक्तांत सांपडत नाहीं.

म्हणजे जेथें रोग आहे हें सिद्धच झालें आहे, आणि 'आतां कोणतें औषध?' एवढाच प्रश्न उरला आहे, तेथें ही परीक्षा आपल्या योग्य जागीं आहे. घरांत असा रुग्ण असेल आणि डॉक्टरांनीं ती सुचविली, तर खर्चास मागेंपुढें पाहूं नये. एका-दोन जनुकांपुरती परीक्षा कांहीं हजारांत होते. शेंकडों जनुकें एकदम पाहणारी त्याहून कितीतरी पट महाग, आणि ती कशासाठीं हवी हें डॉक्टरांस विचारण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबास आहे.

आपल्या महाराष्ट्रांत दुसऱ्या अंगाचें, म्हणजे भटक्या पेशी पकडण्याचें, कामहि चाललें आहे. पुण्यास डॉ. जयंत खांदारे यांच्या ॲक्टोरियस या संस्थेनें लोहचुंबकीय अतिसूक्ष्म कणांस असें प्रतिद्रव्य जोडलें कीं तें त्या पेशींस चिकटावें व मग लोहचुंबकानें त्या वेंचून घ्याव्या. टाटा रुग्णालयांतील तोंड व घसा यांच्या सुमारें दीडशें रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, आणि भारताच्या औषध-नियंत्रकांचा परवानाहि तिला मिळाला. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या परीक्षेस अमेरिकन औषध-खात्यानें २०२१ सालीं 'ब्रेकथ्रू' असा दर्जा दिला. या दर्जाचा अर्थ वृत्तपत्रें वाचून पुष्कळांनीं 'मान्यता' असा घेतला. तो तसा नव्हे. अर्जाचा विचार अग्रक्रमानें होईल, एवढेंच त्यांत असतें. मान्यता ही पुढची व निराळी पायरी.

शस्त्रक्रिया झाल्यावर रोगाचा मागमूस उरला आहे कीं नाहीं, हा घराघरांतला सर्वांत जाचक प्रश्न. गांठ काढली, टांके भरले, आतां केमोथेरपी घ्यावी कीं न घ्यावी? मोठ्या आंतड्याच्या दुसऱ्या पायरीच्या कर्करोगांत यावर ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं ४५५ रुग्णांवर एक सुरेख प्रयोग केला. एका गटास नेहमींच्या रीतीनें उपचार. दुसऱ्या गटाच्या रक्तांत शस्त्रक्रियेनंतर रोगाचे कपटे सांपडले तरच केमोथेरपी. पहिल्या गटांत शंभरांत २८ जणांस ती घ्यावी लागली, दुसऱ्यांत १५ जणांस. आणि दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण दोन्हीं गटांत जवळजवळ सारखेंच, ९२ ते ९४ टक्क्यांच्या दरम्यान. हा निकाल २०२२ सालीं आला. शंभरांत तेरा माणसें मळमळ, केस गळणें, हातापायांची बधिरता यांतून सुटलीं, तीं दोन नळ्या रक्तामुळें. या विद्येचें याहून समाधानकारक फळ आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु 'रक्तांत लवकर कळलें' म्हणजे 'लवकर उपचार केल्यानें माणूस वांचलें' असें दर वेळीं होत नाहीं. बीजकोशाच्या कर्करोगांत सीए-१२५ नांवाचें एक द्रव्य रक्तांत मोजण्याची चाल जुनी आहे. युरोपांतील डॉक्टरांनीं ५२९ स्त्रियांवर पाहिलें, कीं तें द्रव्य वाढतांच उपचार सुरू केल्यानें अधिक आयुष्य मिळतें, कीं त्रास दिसूं लागल्यावर सुरू केलें तरी तितकेंच मिळतें. २०१० सालीं निकाल आला: आयुष्य दोघींचें सारखेंच, लवकर उपचार घेणाऱ्यांच्या वांट्यास मात्र औषधांचे हाल महिनेंच्या महिने आधीं आले. म्हणून ज्यांचा उपचार संपला आहे अशा रुग्णाची दर तीन महिन्यांनीं हौसेनें रक्तपरीक्षा करवूं पाहणाऱ्या मुलांस आमचें सांगणें आहे, कीं उत्तर 'आहे' असें आलें तर पुढें काय करणार, हें डॉक्टरांस आधीं विचारावें. करण्यासारखें कांहीं नसेल, तर आईच्या जिवास तो घोर कशाला लावावा?

आतां निरोगी माणसांकडे वळूं. पत्रकें येतात तीं त्यांच्याचसाठीं. एका नळींत पन्नास प्रकारचे कर्करोग दाखविणारी परीक्षा अमेरिकेंत पन्नाशी उलटलेल्या ६,६२१ लोकांवर करून पाहिली. तिचा वृत्तांत २०२३ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आला. ९२ जणांच्या रक्तांत संशय निघाला. पुढच्या तपासांत त्यांतील ३५ जणांस खरोखर कर्करोग होता व ५७ जणांस नव्हता. आणि ज्यांस 'संशय नाहीं' असें सांगून घरीं पाठविलें, त्यांच्यापैकीं ८६ जणांस वर्षभरांत कर्करोग निघाला. म्हणजे एकंदर १२१ रोग्यांत रक्तानें ३५ दाखविले. खोट्या संशयाचें एक कारण मोठें चमत्कारिक आहे. वय वाढतें तशा रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या पोथींतहि मुद्रणदोष सांचतात. ते कर्करोगाचे नसले तरी दिसतात कर्करोगाच्या दोषांसारखेच. पिकल्या केसांप्रमाणें तो वयाचा धर्म आहे; मोठ्या आंतड्यासाठीं अमेरिकेंत २०२४ सालीं मान्य झालेल्या परीक्षेची स्थिति जरा बरी आहे. ती शंभरांत ८३ कर्करोग पकडते. परंतु कर्करोग होण्यापूर्वींचे जे मोठे कोंब दुर्बिणीनें काढून टाकतां येतात, त्यांतले शंभरांत तेराच तिला दिसतात.

सत्तर वर्षांच्या मामंजींस 'संशय आहे' असा कागद आला, तर घरांत काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी. स्कॅन, दुर्बीण, पुन्हां स्कॅन, मुंबईच्या फेऱ्या, सुनांनीं रजा काढणें, आणि तीन महिन्यांनीं 'कांहीं नाहीं' असें उत्तर. आणि 'संशय नाहीं' असा कागद आला तर अनर्थ याहून मोठा. मग तोंडांतला न भरणारा पांढरा चट्टा, जेवणानंतरची तंबाखूची चिमूट, काकूंची गांठ, सर्वांवर तो कागद पांघरूण घालतो.

याच्याजोडीस मुंबईंतच झालेला एक प्रयोग ठेवूं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांवर वीस वर्षें हें काम केलें. दहावी शिकलेल्या बायकांस शिकवून तयार केलें. त्यांनीं निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनीं, असे चार वेळां, नुसत्या हातानें तपासले, आणि गर्भाशयाच्या मुखास सिरक्याचें पातळ द्रावण लावून पांढरा डाग उठतो कीं काय हें डोळ्यांनीं पाहिलें. यंत्र नाहीं, क्ष-किरण नाहींत. गर्भाशय-मुखाच्या कर्करोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. स्तनाच्या कर्करोगांत सर्व वयें मिळून फरक निर्विवाद ठरला नाहीं; परंतु पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं कमी झाले. हा निकाल २०२१ सालचा. निरोगी माणसांवर केलेल्या पन्नास-रोगी रक्तपरीक्षेनें मृत्यु घटल्याचें असें एकहि प्रमाण आमच्यासमोर नाहीं. घटले ते शिकविलेल्या हातानें, आणि तो हात पनवेलच्या कोणत्याहि स्त्री-डॉक्टरीण बाईंकडे आहे.

हेच डॉ. मित्रा खारघर येथें रक्तांतील कपट्यांवरच संशोधन करीत आले आहेत, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो. त्यांचा सिद्धान्त, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला, असा कीं मेलेल्या पेशींचे कपटे नुसते साक्षीदार नव्हेत, ते स्वतः अपराधीहि आहेत. निरोगी पेशींत शिरून ते तिच्या पोथीची नासधूस करतात. द्राक्षाच्या सालींतील रेझव्हेराट्रॉल व तांबें यांच्या मिश्रणानें ते निष्प्रभ होतात असें त्यांस उंदरांत आढळलें, आणि २०२४ च्या आरंभीं 'शंभर रुपयांत कर्करोगाची गोळी' म्हणून वृत्तपत्रांनीं केवढी दवंडी पिटली! संशोधन मोलाचें आहे. परंतु त्या दवंडीमागें मुख्यतः उंदरांवरचे व थोड्याशा रुग्णांवरचे प्रयोग होते. तांब्याच्या भांड्यांत द्राक्षें भिजवून ठेवणाऱ्या भगिनींनीं तो उद्योग थांबवावा, त्यानें रोग बरा होत नाहीं व भांडें मात्र कळंकतें.

ज्या घरांत रुग्ण आहे व डॉक्टरांनीं रक्तपरीक्षा लिहून दिली आहे, त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून हें सदर पुरें करतों. पहिली नळीची. जांभळ्या टोपणाच्या नेहमींच्या नळींत रक्त घेतलें तर तें कांहीं तासांच्या आंत प्रयोगशाळेंत फिरवून द्रव वेगळा करावा लागतो. नाहीं तर नळींतल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या लोंढ्यांत रोगाचे कपटे बुडून जातात. कांहीं दिवस रक्त टिकविणाऱ्या खास नळ्या मिळतात. घरीं येऊन रक्त नेणाऱ्या माणसास नळी कोणती व ती केव्हां पोहोंचणार, हें विचारून घ्यावें. सकाळीं पनवेलला काढलेलें रक्त साध्या नळींत दिवसभर पिशवींत फिरलें, तर अहवाल कितीहि गुळगुळीत कागदावर येवो, त्यांत अर्थ नाहीं.

दुसरी गोष्ट तुकड्याची. सुईनें किंवा शस्त्रक्रियेनें काढलेला तुकडा मेणाच्या चौकोनी वडींत बसवून जपून ठेवतात. तिला ब्लॉक म्हणतात. रक्तपरीक्षेच्या सर्वांत सूक्ष्म ज्या पद्धति आहेत, त्यांत आधीं या तुकड्यांतले मुद्रणदोष वाचतात व मग तेच दोष रक्तांत शोधतात. म्हणजे सुई टाळून केलेल्या रक्तपरीक्षेपेक्षां सुईनंतर केलेली रक्तपरीक्षा अधिक नेमकी असते. हा ब्लॉक व त्याच्या कांचेच्या पट्ट्या रुग्णालयाकडून लेखी अर्ज करून मागतां येतात. मिळाल्यावर त्यावरील क्रमांक अहवालाशीं ताडून पाहावा, रुग्णाच्या कागदांबरोबर थंड कोरड्या कपाटांत ठेवावा, पत्र्याच्या माळ्यावर ठेवूं नये, कारण मेण वितळतें. आणि दुसऱ्या रुग्णालयांत दिल्यास त्याची पोंच घेऊन ती त्याच पाकिटांत घालावी.